पंधरा पाऊणे सव्वाअकरा

कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘बेटावर मुक्कामाला जाताना काय अपेक्षित ठेवावं’. खाली उजव्या कोपऱ्यात एवढंच: ‘– अण्णा’.

कोपरच्या भ्रमंती मंडळातल्या अकरा जणांनी तो कागद लॅमिनेट करून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला होता आणि ते अंदमानला गेले होते. बारावी प्रत घरी होती, हॉलमधल्या शोकेसवर, अण्णांच्या फोटोला टेकवून उभी केलेली. आईनं ती तिथं ठेवली तेव्हा विनिता काहीच बोलली नव्हती. बोलायला हवं होतं, हे तिला तेव्हाच कळलं होतं.

विनिताच्या वडिलांना, अण्णांना, जाऊन सत्तर दिवस झाले होते. कॅम्प त्यांनीच ठरवलेला, तिकिटंही जुलैमध्येच काढून झालेली. ते गेल्यावर मंडळात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, यंदा राहू दे. पंढरीकाका मात्र हटून बसले. कल्याणच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेला हा माणूस अण्णांचा चाळीस वर्षांचा जोडीदार. दोघांनी मिळून अलिबागपासून मालवणपर्यंतचा एकेक किनारा पालथा घातला होता. “अण्णाने आखलेला कॅम्प आहे,” ते बैठकीत म्हणाले, “तो होणार. आणि विनू, त्याचा कागद कुठाय?”

प्रत्येक कॅम्पच्या आधी अण्णा असा एक कागद काढत आणि बैठकीत स्वतः वाचून दाखवत. त्या वाचनाशिवाय निघायचं नाही अशी मंडळाची रीतच पडून गेली होती. सगळे विनिताकडे बघायला लागले, तशी ती म्हणाली, “आहे.”

कागद होता, पण अर्धा. अण्णांच्या कॉम्प्युटरवर सात मुद्दे लिहून ठेवलेले होते. नारळाच्या झाडाखाली तंबू ठोकू नये, नारळ सांगून पडत नाही. पहाटे आणि संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, तेव्हा बाह्या आणि पँट लांब हव्यात. खाजवलं तर आठवडाभर खाजवत बसाल. खाण्याचे डबे घट्ट लावावेत, रात्री खेकडे घरच्यासारखे फिरतात. बूट झटकून घालावेत. खाडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नये, तिथं मगर असते. दवानं तंबू आतूनसुद्धा भिजतो, कोरडे कपडे पिशवीत बांधून ठेवावेत. सूर्य तिकडे पाचलाच मावळतो, घड्याळावर जाऊ नये.

आठव्या मुद्द्याचा नुसता आकडा होता. त्यापुढं कर्सर लुकलुकत होता.

विनितानं पुढचे तीन मुद्दे त्यांच्या ढंगात लिहून काढले. आठवा पिण्याच्या पाण्याचा, नववा औषधांचा. दहाव्याला ती थोडी थांबली. भरती-ओहोटीशिवाय अण्णांचा कागद पुरा होणं शक्यच नव्हतं. भरतीचं त्यांचं गणित ती सहा वर्षांची असल्यापासून ऐकत आली होती. तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, भरती तीनला. अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. गुहागरजवळच्या त्यांच्या गावी म्हातारे असंच बोटांवर मोजत, आणि अण्णांनी पाऊणकीचा पाढा तिच्याकडून याच कारणासाठी घोकून घेतला होता. तिनं तो दहावा मुद्दा म्हणून लिहिला. मग खाली, अगदी सहज हात गेल्यासारखं, त्यांचं नाव.

अण्णांच्या वह्या कपाटात होत्या. पडताळून बघता आलं असतं. पण त्या सत्तर दिवसांत तिनं कपाटाचा तो कप्पा एकदाही उघडला नव्हता.

त्या दिवशी दत्तजयंती होती. गल्लीच्या टोकाला असलेल्या देवळात दुपारपासून लाउडस्पीकर लागला होता. वर्ष सरायचं होतं, म्हणून घरात सण नव्हता. आई खाली बसून मेथी निवडत होती. विनिता ठाण्याहून, कोपरीच्या आपल्या घरून, जेवायच्या वेळेला आली होती. दर गुरुवारी ती डोंबिवलीला आईकडे मुक्कामाला येई.

पावणेचारला ऋतुराजचा फोन आला. धाकटा भाऊ, कॅम्पवर गेलेल्या अकरा जणांपैकी एक.

“ताई, तू यायला हवं होतंस यार. पाणी असलं निळंय ना, फोटोत खोटं वाटतं.”

“माश्या चावल्या का?”

“पाय फोडून काढलेत सगळ्यांचे. एक पंढरीकाका सोडून. त्यांना चावायला माशीपण टरकते.” मागं कोणीतरी हसलं. “अगं ऐक, आता आम्ही समोरच्या छोट्या बेटावर चाललोय. मधे वाळूची पट्टी आहे, ओहोटीला उघडी पडते, चालत जाता येतं. तिकडून चंद्र उगवताना बघायचा. काकांनी गणित मांडलं. आज पौर्णिमा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरती रात्री सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी सव्वापाचला. चंद्रही पाचलाच वर येतो. एकदम सेट आहे. सातपर्यंत आरामात परत येऊ.”

“सगळे चाललात?”

“सगळे. धम्मपाल तर दुपारपासून बूट घालून बसलाय. अमृतानं त्याचं डोकं खाल्लंय, कधी जायचं, कधी जायचं.”

धम्मपाल आंबिवलीच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ होता. अमृता त्याची मुलगी, नऊ वर्षांची. तिला पोहता येत नव्हतं. निघण्याआधी विनितानंच तिच्यासाठी लाइफ जॅकेट आणून दिलं होतं.

“जॅकेट घाला तिला,” ती म्हणाली.

“वाळूवरून चालायला जॅकेट? बरं, बघतो. आणि एक गंमत बघ, फोटो पाठवतोय. शेफालीदीदींची होडी पार आडवी झालीये वाळूत. अजून दीड तास पाणी उतरणार म्हणजे समुद्रच संपेल इथला.”

शेफालीदीदी म्हणजे जिच्या जागेत तंबू लावले होते ती बाई. फोन बंद झाला. फोटो रखडत रखडत अर्ध्या तासानं आला.

विनितानं फोटो नुसता बघायचा म्हणून बघितला. कलती होडी, तिच्यापुढं शांत पाणी. मग तिनं तो मोठा केला. पाण्याच्या कडेची वाळू कोरडी होती. अगदी कडेपर्यंत कोरडी, पांढरी.

उतरतं पाणी मागं ओली वाळू ठेवून जातं, हातभर तरी चकचकीत पट्टा राहतो. गुहागरच्या किनाऱ्यावर अण्णांनी तिला तो पट्टा पायाच्या अंगठ्यानं दाखवला होता. पाणी थबकलेलं असलं किंवा चढायला लागलेलं असलं, तरच कोरडी वाळू पाण्याला भिडते.

तिनं ऋतुराजला परत फोन लावला. लागला नाही.

“आई, तू आणि अण्णा अंदमानला गेलेलात ना, नऊ वर्षांपूर्वी. तेव्हा तिथली भरती किती वाजता असायची, आठवतं?”

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली. “मला काय विचारतेस? त्यांनी लिहिलंय की कागदात.”

“तरी. पाऊणकी जुळत होती का तिथं?”

“अगं, लिहिलंय म्हणजे जुळतच असेल. वाचून बघ ना, दहावा मुद्दा.” आईला मुद्द्याचा आकडासुद्धा पाठ होता.

विनितानं कागदाकडे बघितलं, मग आईकडे.

“दहावा मुद्दा अण्णांनी नाही लिहिला. मी लिहिला. आठवा, नववासुद्धा.”

देवळातल्या लाउडस्पीकरवर कोणीतरी प्रसादाच्या रांगेबद्दल काहीतरी सांगत होतं.

“आणि खाली त्यांचं नाव?”

“मीच.”

आईनं मेथीच्या काड्या एका बाजूला सारल्या, पुन्हा सारल्या. मग जमिनीकडे बघतच म्हणाली, “जुळत नव्हती. पहिल्याच दिवशी जेट्टीवर घड्याळ घेऊन उभे राहिलेले. भरती त्यांच्या वेळेच्या आधीच येऊन गेली. दोन दिवस धड बोलले नाहीत माझ्याशी, जसं काही मीच पाणी आणलं लवकर. मग कुठल्यातरी होडीवाल्याकडे जाऊन बसले आणि वहीत लिहून आले. मला म्हणाले, नंदा, हा समुद्र आपला नव्हे.” ती थांबली. “कागदात पाऊणकी बघितली तेव्हा मला वाटलं, त्यांनी नंतर काहीतरी शोधलं असेल. त्यांना काय विचारणार होते मी?”

विनिता उठली होती. कपाटाचा कप्पा उघडला, वह्या ओळीनं लावलेल्या होत्या, कण्यावर साल लिहिलेलं. वास आला तसा तिनं श्वास धरला आणि हवी ती वही ओढली. शेवटी सापडलं. निळ्या शाईत, उभट अक्षरांत: ‘पौ. भरती ९.४०. पाऊणकीपेक्षा दीड तास आधी. रोजच.’

नऊ चाळीस. म्हणजे ओहोटी तीन चाळीसला. ऋतुराजचा फोन आला तेव्हाच पाणी फिरलं होतं.

घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

तिनं एकामागून एक नंबर लावले. ऋतुराज, कव्हरेज क्षेत्राबाहेर. धम्मपाल, बंद. पंढरीकाकांचा फोन वाजत राहिला, वाजत राहिला आणि थांबला. त्यांची फोन तंबूत ठेवून जायची सवय तिला माहीत होती. “समुद्रावर फोन नेणारा माणूस समुद्र बघत नाही,” असं ते सगळ्यांना सुनावत. परवानगीच्या कागदांच्या फायलीत शेफालीदीदींचा नंबर होता. तो दुसऱ्या खेपेला लागला.

“हॅलो, मैं डोंबिवली से बोल रही हूँ. जो ग्रुप आपके यहाँ रुका है…”

“हाँ हाँ, बोलो.” बाईंचा आवाज मोठा होता, मागं कढईत काहीतरी चरचरत होतं.

“वो लोग उस टापू पे गए क्या?”

“गया. कब का गया. हम बोला था दीदी, चार बजे के बाद मत जाओ, पानी घूम गया. वो बूढ़ा बाबू हँसा. बोला, हमारे पास हिसाब है, लिखा हुआ है.” बाई थोडं थांबल्या. “कागज भी दिखाया. हमको तो पढ़ना आता नहीं तुम्हारा.”

विनितानं डोळे मिटले आणि लगेच उघडले.

“हिसाब गलत है. मैंने गलत लिखा. उनको सात बजे वापस आना है, उनको लगता है तब तक पानी नीचे रहेगा.”

कढईचा आवाज बंद झाला. “सात बजे? सात बजे बीच में गला तक पानी. और खींचता है, बहुत खींचता है.”

“आप नाव भेज सकती हैं?”

“नाव तो रेत पे पड़ा है. पानी आएगा तब उठेगा. और जब उठेगा, तब उस जगह में कोई नाव नहीं डालता.”

आई दारात येऊन उभी होती. विनितानं फोन स्पीकरवर टाकला.

“दीदी, आप चलके जा सकती हैं? फोन लेके? मुझे बस उनसे बात करनी है.”

पलीकडं बाई कोणालातरी बंगालीत काहीतरी म्हणाल्या. मग म्हणाल्या, “रुको. चप्पल पहनती हूँ.”

फोन चालूच राहिला. वाळूत पाय रुतल्याचा घसघस आवाज, बाईंचा श्वास, मधेच वारा. विनिता मोबाइल चार्जरला लावून जमिनीवरच बसली. आई पलीकडं बसली. दोघींच्या मध्ये मेथी तशीच पडली होती. पाच वाजले. पाच वाजून पाच मिनिटं झाली. इथं बाल्कनीत अजून ऊन होतं आणि समोरच्या इमारतीत मुलं क्रिकेट खेळत होती. तिकडं सूर्य बुडाला असणार. पाच वाजून दहा मिनिटांनी पाण्याचा आवाज आला, पावलांनी तुडवलेल्या पाण्याचा.

“एड़ी डूब गया,” बाई म्हणाल्या. “पानी आ गया.”

नंतर लांबून माणसांचे आवाज, हसणं. कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. अमृताचा आवाज विनितानं ओळखला. “बाबा, केवढा लाल! केवढा लाल!”

“काय हो दीदी, आप भी आ गए चांद देखने?” हे पंढरीकाका. मग फोन हातात घेतल्याची खरखर. “हॅलो? विनू? अगं काय हे, या बाई धावत आल्यात. मला वाटलं वहिनींना काही झालं.”

“काका, आत्ता निघा. सगळ्यांना घेऊन, आत्ता.”

“काय झालं?”

“ओहोटी तीन चाळीसलाच होऊन गेली. भरती लागलीये. सहानंतर तुम्हाला येता येणार नाही.”

“हॅट. चंद्र आत्ता हातभर वर आलाय, अर्धा ढगात आहे. थोडं थांब की.” काकांचा आवाज खुशीत होता. “पंधरा पाऊणे किती गं?”

“काका…”

“सांग ना. किती?”

“सव्वाअकरा. पण तिथं पाऊणकी चालत नाही.”

“चाळीस वर्षं चालली. अलिबाग, मुरुड, गुहागर, वेंगुर्ला. एकदा पाण्यानं दगा दिला का? आणि अण्णाने कागदात लिहिलंय. अण्णाने! तू परवा पोहायला शिकलीस.”

“अण्णांनी नाही लिहिलं.” तिनं दम घेतला. “ते मी लिहिलं, काका. अण्णांचे सातच मुद्दे होते. पुढचे तीन माझे. खाली नावही मीच टाकलं.”

मागचं हसणं थांबलं होतं. फोन तिकडंही स्पीकरवर असावा.

“कशाला?” काका म्हणाले.

तिला जे सुचलं ते खरं होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. त्या रिकाम्या आकड्यापुढं लिहिताना दहा मिनिटं तरी अण्णा शेजारी बसल्यासारखं वाटलं होतं.

“तुम्ही सगळे मागत होतात,” ती म्हणाली. “माझ्यासमोर अण्णांची वही आहे. त्यांच्याच हातचं लिहिलेलं वाचते. पौ., भरती नऊ चाळीस. पाऊणकीपेक्षा दीड तास आधी. रोजच.”

“आणि ही वही खरी कशावरून?”

हे काकांनी रागानं विचारलं नव्हतं. म्हणून ते जास्त लागलं. चंद्र बघायला बसलेली अकरा माणसं, आणि तिच्याकडे त्यांना उठवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आईनं हात पुढं करून फोन घेतला.

“पंढरीभावोजी.”

“वहिनी? तुम्ही…”

“मी होते तिथं त्यांच्याबरोबर. माझ्यादेखत लिहिलंय वहीत. त्यांचं गणित चुकलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि कोणाला सांगू नको म्हणाले होते. तुम्हाला तर मुळीच नको म्हणाले होते.” आईचा आवाज चढला नाही. “उठा आता. त्या पोरीला आधी घ्या.”

मग काकांचा आवाज आला, पण तो फोनमध्ये नव्हता. “चला रे! उठा, उठा! ते फोटो नंतर. धम्मपाल, पोरीला खांद्यावर घे. ऋतुराज, दोरी कुठाय?”

“काका, दोरी टेंटमध्ये आहे.”

“टेंटमध्ये काय पूजा करायला ठेवलीये? हात धरा मग. ओळीनं. कोणी कोणाचा सोडायचा नाही.”

फोन परत शेफालीदीदींकडे गेला असावा, कारण त्यांचं ओरडणं एकदम जवळ आलं. “हमारे पीछे, हमारे पीछे! सीधा नहीं, बाएँ से! उधर गड्ढा है!”

विनिता ऐकत होती. पाण्यातल्या पावलांचा आवाज बदलत जातो, हे तिला आजवर कधी जाणवलं नव्हतं. आधी छपछप, मग जड, मग पाऊल उचललं की पाणी सोडत नसल्यासारखं. कोणीतरी “थंड आहे यार” म्हणालं आणि कोणी हसलं नाही. ऋतुराज आकडे घेत होता, एक, दोन, तीन, आणि माणसं उत्तर देत होती. अमृता रडत नव्हती. ती एकसारखी विचारत होती, “बाबा, अजून किती? बाबा, अजून किती?”

“घुटने पे आया,” दीदी म्हणाल्या. नंतर म्हणाल्या, “पकड़ो! पकड़ो उसको!”

मोठा छपाका झाला. कोणीतरी ओरडलं, “काका!”

आणि फोन बंद झाला.

विनितानं पुन्हा लावला. बंद. पुन्हा लावला. आई म्हणाली, “सारखा नको लावू. त्यांच्याकडून येणार असेल तर लागायचा नाही.” विनिता फोन मांडीवर ठेवून घड्याळ बघत राहिली. पाच सत्तेचाळीस. पाच एकोणपन्नास. वही उघडी होती, तिच्यावर मेथीचं एक पान पडलं होतं. ते उचलायचंही दोघींना सुचलं नाही. देवळात जन्माची वेळ जवळ आली होती. बायका पाळणा म्हणायला लागल्या, टाळांचा आवाज वाढत गेला.

“मी रोज वाचत होते गं तो कागद,” आई म्हणाली.

विनितानं मान हलवली.

“सकाळी चहा झाला की. सगळा, पहिल्यापासून.” आई फोटोकडे बघत नव्हती, दाराकडे बघत होती. “आठव्या मुद्द्यात पाणी उकळून घ्यायचं लिहिलंय. मला वाटलेलं, बघा, जाताजाता सुधरले. जन्मात कधी पाणी उकळून प्यायले नाहीत.”

विनिताला हुंदका आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. ती म्हणाली, “आई, त्यांना काही झालं तर…”

“बोलू नकोस ते.”

बाहेर पाळणा संपला. कोणीतरी नारळ फोडला आणि गजर झाला. सहा वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. अनोळखी नंबर.

“ताई.” ऋतुराज होता. दात वाजत होते त्याचे. “ताई, आलो. सगळे आलोय. अकरा. दीदी बारा.”

“मोज परत.”

“अगं मोजले…”

“परत मोज.”

तो मोजायला लागला, नावं घेऊन. कुंडलिक. ऐश्वर्या. धम्मपाल, अमृता. प्रत्येक नावाला पलीकडून कोणीतरी “हो” म्हणत होतं. आई प्रत्येक नावाला मान हलवत होती. शेवटचं नाव पंढरीकाकांचं. त्यांचा “हो” जरा उशिरा आला.

“काका घसरलेले,” ऋतुराज म्हणाला. “मांडीपर्यंत पाणी होतं फक्त, पण असलं ओढत होतं ना ताई. पाय टेकवू देत नव्हतं. दीदींनी शर्टाला धरून ओढलं त्यांना, फोन गेला त्यांचा पाण्यात. पाय कापलाय काकांचा, प्रवाळावर. धम्मपाल बघतोय. आत्ता मागे वळून बघतोय तर पट्टी दिसतच नाहीये. आम्ही आलो तिथं नुसतं पाणी आहे.”

“काकांना दे.”

काकांचा श्वास ऐकू येत होता.

“काका, मी…”

“राहू दे,” ते म्हणाले. आवाज दमलेला होता. “त्या बाईंनी चार वाजता सांगितलं होतं गं. मी तिला कागद दाखवला.” ते थांबले. “तो माझ्यापासून लपवत होता, हे माहीत नव्हतं मला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.”

आईनं विनिताच्या हातातला फोन थोडा आपल्याकडे वळवला.

“बरं,” काका म्हणाले. खाकरले. “आता सांग. रात्रीची भरती नऊ चाळीस. पाणी वर कुठपर्यंत चढेल? तंबू तिथंच ठेवू की हलवू?”

वही समोर होती. विनितानं पान उलटलं, त्याच्या पुढचंही उलटलं. वेळा होत्या, तारखा होत्या. बाकी काहीच नव्हतं. काहीतरी सांगता आलं असतं. अण्णांच्या सुरात तर अगदी सहज सांगता आलं असतं.

“मला माहीत नाही, काका,” ती म्हणाली. “वहीतही नाहीये. शेफालीदीदींना विचारा.”

“हं.”

फोन हातात धरूनच काका चालायला लागले असावेत. लंगडत, वाळूतून. मग त्यांचं ते मोडकंतोडकं हिंदी ऐकू आलं. असं, खालच्या पट्टीत, ते कोणाशी बोलल्याचं विनिताला आठवत नव्हतं. “दीदी, सुनो. माफ करना. रात को पानी किधर तक आएगा?”

दीदी काय म्हणाल्या ते वाऱ्यात नीट कळलं नाही. त्यांनी बहुतेक हातानं दाखवलं.

“यहाँ तक? हम खड़ा है यहाँ तक?”

“तुम्हारे पीछे तक, बाबू. आज पूनम है.”

“ऋतुराज!” काका ओरडले, इतक्या जोरात की आईनं दचकून मान मागं घेतली. “कपडे नंतर बदला! सगळे या इकडे, आधी तंबू काढा! दीदी सांगतील तिथं लावायचे, एक बोट इकडे नाही की तिकडे नाही!”

फोन कोणीतरी वाळूवर ठेवला आणि बंद करायचं विसरलं. धावपळ सुरू झाली. वाळूत घट्ट बसलेल्या खुंट्या एकेक करून उपटल्याचे आवाज, ओल्या कापडाची फडफड, आणि त्या सगळ्याच्या वर शेफालीदीदींचा मोठा आवाज. “और ऊपर. और ऊपर. हाँ, और.”

विनितानं फोन ठेवला नाही. आई तिच्याजवळ सरकून बसली, आणि दोघी ऐकत राहिल्या.